सगुणाबाईंची सही

घर विकत घेण्याची प्रक्रिया मला संपूर्ण समजलेली आहे. साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. किर्तीचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं की, मी तो न विचारता, झोपेतच सांगतो. सात-बारा कसा वाचायचा, भोगवट्याचं प्रमाणपत्र नसेल तर काय होतं, बायकोच्या नावावर मुद्रांक शुल्क किती वाचतं, हे सगळं ज्ञान मी अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात पोळीभाजी धरून मिळवलं. कारखान्यातली माणसं माझ्याकडे सल्ला विचारायला येत. जी येत नसत त्यांच्याकडे मी जात असे. एवढं ज्ञान एका माणसात साठलं की त्याचं काय होतं, ते पुढे सांगितलं आहे.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली आमची इमारत महापालिकेने धोकादायक ठरवली. त्यात नवीन काही नव्हतं. जिना चढताना वर बघितलं की स्लॅबच्या सळ्या दिसत, आणि त्यांना हात लावू नये एवढं शेंबडं पोरही जाणत होतं. पण नोटीस भिंतीवर चिकटली आणि घरमालक येऊन सांगून गेले, की महिनाअखेरीस सगळ्यांनी जागा खाली करायची, पुढे पावसाळा आहे, मी जबाबदारी घेणार नाही. किर्ती म्हणाली, "जवळपास भाड्याने बघू या."

"भाड्याने?" मी म्हणालो. "या वयात?"

माझ्या या बाणेदारपणाला एक कारण होतं, त्याचं नाव अभिजीत. हा किर्तीचा धाकटा भाऊ. बदलापूरला त्याने स्वतःचा फ्लॅट घेतल्यापासून तो फोनवर पहिलं वाक्य हेच बोलतो, "काय भावोजी, अजून तिथंच का?" हा 'तिथंच' शब्द तो अशा काही आवाजात उच्चारतो की मला ठसका लागतो.

तेव्हा आम्ही आधी बदलापूरलाच गेलो. तिथल्या नव्या संकुलात सोनिया नावाच्या हसतमुख मुलीने आम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवला. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून अशा ठिकाणी मुद्दाम आखूड फर्निचर मांडतात, हे मला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक असून भागत नाही, समोरच्यालाही कळायला हवं की आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मी बूट काढून त्या पलंगावर आडवा झालो. गुडघ्यांपासून खालचे माझे पाय बाहेर राहिले. "बघितलंस?" असं मी किर्तीला विजयी मुद्रेने म्हणत असतानाच पलंग मधोमध मोडला. सोनिया म्हणाली, "सर, तो थर्माकोलचा होता." परतीच्या रिक्षात किर्ती तोंड फिरवून बसली, पण अधूनमधून तिचे खांदे हलत होते.

मग भावेश आला. भावेश म्हणजे आमच्या भागातला इस्टेट एजंट, मोटारसायकल बंद न करता सौदे पटवणारा. "सर, एक नंबर माल आहे. मोरिवलीला. जागामालकाच्या वाट्याचा फ्लॅट. टायटल एकदम क्लिअर, टेन्शनच घ्यायचं नाय."

जागामालकाच्या वाट्याचा म्हणजे असं: मोरिवलीच्या एका शेतकरी घराण्याने आपली वडिलोपार्जित जमीन बिल्डरला दिली आणि बदल्यात इमारतीतले काही फ्लॅट घेतले. त्यांतला हा एक, अनंता आणि त्याची थोरली बहीण सगुणाबाई यांच्या सामाईक नावावर होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, नळाला पाणी. किर्ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर एक जांभळाचं झाड होतं. ती हळूच म्हणाली, "इथे डबे ठेवता येतील." लग्नानंतर चार घरं बदललेली बाई डबे कुठे ठेवायचे ते ठरवते तेव्हा नवऱ्याने समजावं की सौदा झाला. मला गलबलून आलं. ते लपवायला मी भावेशला चटईक्षेत्राविषयी एक अवघड प्रश्न विचारला.

आमच्या वरच्या मजल्यावर रामभाऊ राहतात. ते महापालिकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे ते कुठलीच गोष्ट होईल असं सांगत नाहीत. त्यांच्या सल्ल्याने मी वकील लावून तीस वर्षांची कागदपत्रं तपासून घेतली. कुठे कर्ज नाही, दावा नाही, बोजा नाही. इसार दिला. बँकेने कर्ज मंजूर केलं. त्या संध्याकाळी मी अभिजीतला फोन केला आणि "सहज केला" असं म्हणालो. आयुष्यात मी अभिजीतला सहज फोन केलेला नाही.

आता फक्त नोंदणी उरली होती. अनंताला मी विचारलं, "तुमच्या बहिणीला तारीख कळवली ना?"

अनंता हा उंचापुरा, मिशाळ, तीन टेम्पोंचा मालक. म्हणाला, "शेठ, आक्काचा टेन्शन नका घेऊ. मी सांगन तिथं ती सही करते."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आक्का सही करत नाही.

कारण असं. गेल्या वर्षी अनंताच्या मुलाचं, समर्थचं लग्न झालं. हळदीपासून सगळ्यात आत्याचा मान मोठा. तिला बोलवायला भावाने स्वतः नारळ आणि अक्षता घेऊन तिच्या दारात जायचं असतं. अनंताला तेव्हा फुरसत नव्हती. त्याने पत्रिकेचा फोटो काढून बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सगुणाबाई लग्नाला गेल्या नाहीत. त्या दिवसापासून बहीणभावात बोलणं बंद.

"पन मी पाठवली व्हती ना पत्रिका!" अनंता मलाच पटवू लागला. "दोन निळ्या रेघा पन आल्या! हॉलचा लोकेशन पन टाकला व्हता!"

तीस वर्षांचा शोध घेणाऱ्या वकिलाला हा बोजा कुठेच सापडला नव्हता.

रामभाऊ म्हणाले, "होणार नाही. सामाईक मालकी आहे, तिच्या सहीशिवाय कागदाला किंमत शून्य." हे मला माहीत होतं, मीच त्यांना ते मागच्या आठवड्यात सांगितलं होतं. शेजारच्या मोटवानी अंकलचं मत वेगळं पडलं. त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि जगातला कुठलाही तंटा कापडाने मिटतो अशी त्यांची श्रद्धा आहे. "देख बेटा, रूठी हुई औरत के घर खाली हाथ नहीं जाते. साड़ी लेके जा. मैं होलसेल में देता हूँ." मी साडी घेतली. जरीकाठी, मोरपंखी, बॉक्समध्ये.

सगुणाबाईंचं सासर बदलापूरच्या पलीकडे, धरणाच्या वाटेवरच्या एका गावात. ओटीवर त्या वाल सोलत बसल्या होत्या. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, आणि नजर अशी की मी रस्त्यात पाठ केलेली सगळी कलमं विसरलो. मी कोण, कशाला आलो हे सांगितलं. सामाईक मालकीतल्या सहधारकाची संमती कायद्याने कशी आवश्यक असते, यावर थोडं बोललो. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवलास का?"

तांदळाच्या भाकरी आणि सुकट. दोन भाकरींनंतर मी नको म्हणालो, त्यांनी तिसरी वाढली. हात धुतल्यावर मी बॉक्स पुढे केला. त्यांनी साडी बाहेर काढली, उलगडली, हाताने मापली आणि मापता मापता एकदम थांबल्या.

"ही सा वार हाय."

"हो... चांगल्यातली आहे."

"मी नव वार नेसते. ही नेसून मी अर्धीच दिसन." शेजारच्या ओटीवरून दोन बायकांचं खसखसून हसू ऐकू आलं. सगुणाबाईंनी साडी जशीच्या तशी घडी करून बॉक्समध्ये ठेवली. "तुज्या बायकोला दे. आन तू कशाला साडी आनतोस? तू कोन माझा? ज्याना आनायची त्याला सांग."

"तो तर आता येईलच, पण..."

"मना पैका नको ना काय नको. माझे भावाना माझे दारान येऊन मना बोलवाचा. मग मी सही करन. त्याना मना मोबाईलवर बोलावला. मी बी मोबाईलवर सही धाडते, चालन का तुना?"

नाही चालणार, असं मी म्हणालो. ते अगदी खरं होतं, नोंदणी कायद्यात तशी तरतूद नाही.

अनंताकडे गेलो तर तो म्हणाला, "लगीन होऊन वरीस झाला, आता कशाला बोलवू? पोराच्या पोराच्या बारशाला?" सुनेला दिवस गेलेत की काय, अशी चौकशी मी करणार होतो, पण महिनाअखेर जवळ आली होती. घरी किर्तीने भांडी खोक्यांत भरायला घेतली होती, आणि खोक्यांवर 'मोरिवली – स्वयंपाकघर' असं लिहून ठेवलं होतं. ते बघवेना. रात्रभर तळमळून मला एक कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातली ती एकमेव स्वतंत्र कल्पना असावी, कारण कुठल्याच व्हिडिओत ती मी पाहिलेली नव्हती.

लग्नाला बोलवायचं राहिलं ना? मग रजिस्ट्रेशनला बोलवा!

"रजिस्ट्रेशनची पत्रिका कोन छापतो?" अनंताने विचारलं.

"मी छापतो."

आणि मी छापली. मजकूर माझाच. 'आमचे येथे श्री एकविरा आईचे कृपेकरून आमच्या सामाईक सदनिकेचे करारनोंदणी कार्य योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी अगत्य येण्याचे करावे. आपली सही हाच आहेर.' खाली थोडी जागा उरली म्हणून छापखानेवाल्याने आपल्या मनाने ओळ घातली, 'आमच्या आत्याच्या सहीला यायचं हं! – चिमी'. चिमी ही अनंताच्या भावकीतली कुणीतरी असेल असं मला वाटलं. अनंताला वाटलं ती माझी मुलगी.

नारळ, अक्षता आणि नऊवारी लुगडं घेऊन अनंता बहिणीच्या दारात उभा राहिला. मी मागे, साक्षीला. सगुणाबाईंनी पत्रिका लांब धरून अक्षर न् अक्षर वाचली. तोंडावरची रेघ हलली नाही. मग म्हणाल्या, "येन मी." अनंताने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मनाच बोलावला का सगल्यांना?"

एवढ्या मोठ्या मिशा असलेल्या माणसाने 'फक्त तुला' असं कसं म्हणावं? तो म्हणाला, "सगल्यांना."

मग सगळ्यांना बोलवणं आलं. मोठ्या काकांना दिलं तर धाकट्या काकांना नको का? मावशी रुसेल. मामाचा मान पहिला. पत्रिका संपल्या, पुन्हा छापल्या. चिमी आपली दर पत्रिकेत होतीच. अनंताचे टेम्पो आमंत्रणं घेऊन गावोगाव फिरले आणि मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये बसून रंगाचे डबे मोजताना कुणाकुणाचे फोन घेत राहिलो: "कार्य कुठं हाय? जेवन हाय का?"

नोंदणीच्या दिवशी मी आणि किर्ती वेळेआधीच पोचलो. निबंधकाच्या कार्यालयात आधीच गर्दी होती. थोड्या वेळाने बाहेरून बेंजोचा आवाज आला. मी डोळे मिटले. दोन टेम्पो भरून माणसं उतरली, बायका नव्या लुगड्यांत, पुरुष टोप्या घालून, आणि पुढे बेंजोवाले. सगुणाबाई पुढच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी, मानाच्या जागी. कुणीतरी माझ्या कपाळाला गंध लावलं, हातात नारळ दिला. खिडकीतून कारकून ओरडला, "लग्नाची नोंदणी इथे होत नाही!" मी म्हणालो, "लग्न नाही, फ्लॅट आहे." त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

खिडकी उघडली तेव्हा कळलं, सर्व्हर डाऊन आहे.

प्रक्रिया मला संपूर्ण माहीत होती, पण सर्व्हर बंद असताना विकणाऱ्या माणसांना एकमेकांशी बोलू द्यायचं नसतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी काय करत होतो? मी बाकड्यावरच्या काकामंडळींना मुद्रांक शुल्क समजावून सांगत होतो. बायकांनी डबे उघडले, वडे आणि वालाची भाजी बाहेर आली, कारकुनालाही पानावर बसवलं. कोपऱ्यातल्या बाकड्यावर अनंता आणि सगुणाबाई शेजारी शेजारी बसले होते. आधी दोघं दोन दिशांना बघत होते. मग बहिणीने आपल्या पानातला वडा भावाच्या पानात टाकला. मला वाटलं, वा, काम झालं. मी किर्तीला खूणही केली.

सर्व्हर आला. माझ्या नावाचा पुकारा झाला. मी फोटोसाठी केस नीट केले, बोट यंत्रावर ठेवलं. मग सगुणाबाईंना बोलावलं. त्या उठल्या, आल्या, यंत्राकडे बघून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पदराखाली घेतला.

"मी नाय देत."

"आक्का, आता काय झालं?" मी विचारलं.

उत्तर अनंताने दिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "शेठ, माफी करा. तुमचा इसार आत्ताच्या आत्ता परत देतू. हा फ्लॅट आमी इकत नाय."

"त्या बिल्डिंगीच्या जागेन आमचा खला व्हता," सगुणाबाई म्हणाल्या. "भात झोडायचो तिथं. माझे लग्नाचा मांडव तिथंच पडला. बापाची सगली जमीन गेली, ही दोन खोल्यांची तेवडी रायली. ती पन इकली तर मी म्हायेराला जाऊ कुठं? मना भाव बोलवाला आयला. आता मना म्हायेर हाय."

मागून भावकीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बेंजोवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने एक हळवी चाल धरली.

मला राग आला. खरं सांगायचं तर रडू आलं, पण त्याला मी राग असं नाव दिलं. मी 'विशिष्ट पूर्तता' हा शब्द मोठ्याने उच्चारला. कराराची पूर्तता करून घ्यायला कोर्टात जाता येतं, हे मला पाठ होतं. पण उच्चारतानाच मला तो खटला दिसू लागला: न्यायाधीश विचारतायत तुमची तक्रार काय, आणि मी सांगतोय, साहेब, या बहीणभावांचं भांडण मिटलं. मिटवलं कुणी? मीच, साहेब. पत्रिका छापून. मी नारळ धरून खुर्चीत बसलो.

तेव्हा किर्ती पुढे झाली. माझ्या सगळ्या प्रक्रियेत ती आजवर एखाद-दुसऱ्या वाक्यापलीकडे बोलली नव्हती, कारण तिला वाव मिळाला नव्हता.

"आत्या," ती म्हणाली, "तुमचं माहेर तुम्ही ठेवा. बरोबर आहे तुमचं. पण आमची बिल्डिंग पडायला आलीय. रविवारी आम्हाला घर सोडायचंय. सामान खोक्यांत भरून बसलोय. आम्ही जायचं कुठं?"

सगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"ही सरल बोलते. तू माझे घरान जेवून गेलास, कंदी बोललास का तुना घर खाली करायचा हाय? तू तर नुसता कायदा बोलत व्हतास."

घर सोडायची वेळ आली आहे हे वाक्य मी कुणाच्याही समोर उच्चारलं नव्हतं. वकिलासमोर नाही, अभिजीतसमोर तर मुळीच नाही. ते उच्चारण्यापेक्षा मला कायदा बोलणं सोपं वाटत होतं.

"मंग रवा ना," सगुणाबाई म्हणाल्या. "खोल्या रिकाम्या हायत. मना काय रोज जायचा हाय का? सनासुदीला दोन दिवस जान, मग परत आपला सासर. भारा द्या, रवा."

अशा रीतीने, ज्या घराची मालकी घ्यायला मी गंध लावून गेलो होतो, त्या घराचा मी भाडेकरू होऊन परतलो. रामभाऊ म्हणाले, "मी म्हटलंच होतं." त्यांनी काय म्हटलं होतं ते मला आठवेना. अभिजीतचा फोन आला तो मी किर्तीला दिला. ती त्याला म्हणाली, "हो रे, मोरिवलीत. छान हवा आहे," आणि मालकीचा विषय काढायला तिने त्याला जागाच ठेवली नाही. डबे मात्र तिने ठरवल्याप्रमाणे खिडकीशेजारीच लावले.

गौरी-गणपतीत सगुणाबाई माहेराला आल्या. पिशवीत तांदूळ, वाल, भोपळा. आता ही मोठी पेचाची गोष्ट होती. मालकीण आलीय म्हणून मी उभा राहावं, की पाहुणी आलीय म्हणून तिला बसवावं? किर्तीने हा पेच त्यांच्या पायांवर पाणी घालून सोडवला. दोन दिवस त्या जांभळाच्या खिडकीशी बसून बोलत होत्या: इथे खळं होतं, तिथे विहीर, त्या टॉवरच्या जागी आंबा. किर्तीने त्यांना एक काडी उचलू दिली नाही. अनंता सकाळ-संध्याकाळ येऊन बसे. रात्री मी त्यांना माझी खाट दिली आणि स्वतः जमिनीवर झोपलो. भाडेकरूची कर्तव्यं या विषयावरच्या कुठल्याच कलमात हे येत नाही.

जायच्या दिवशी किर्तीने त्यांना लुगडं दिलं, या खेपेला नऊ वार. सगुणाबाईंनी ते मुकाट्याने पदराखाली घेतलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांना हुंदका फुटला. माहेराहून निघताना बायका रडतात तशा त्या रडल्या, स्वतःच्या मालकीच्या घरातून निघताना. किर्तीही रडली. मी पिशवी धरून दारात उभा होतो, आणि बहिणीला निरोप देताना घरचा माणूस जसा खाकरतो तसा खाकरलो.

त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की हे घर आपलं आहे. दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. मी भाडं पाठवलं.